गॅप दातात असते

मंगलताई माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याचं निदान करतात.

आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या इमारतीची लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचायला इतका वेळ घेते की तेवढ्यात दोन माणसांची ओळख होऊन भांडणही उरकू शकतं. मला नाशिकहून दोह्याला येऊन चारच दिवस झाले होते. लिफ्टची वाट बघता बघता मी फोनवर आईशी बोलत होते, त्यावरून मी मराठी आहे एवढं शेजारी उभ्या असलेल्या बाईंना कळलं असावं. ठेंगण्या, चाळिशीच्या जरा पुढे, हातात कोथिंबिरीची पिशवी. दार बंद झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, डोळ्याच्या खालच्या पापणीकडे. मग नखांकडे. दुसरा मजला गेला.

"हिमोग्लोबिन नऊ," त्या म्हणाल्या. "फार तर साडेनऊ. तपासून घे."

आणि चौथ्या मजल्यावर उतरून गेल्या.

मी निव्वळ रागापोटी तपासून घेतलं. नऊ पूर्णांक दोन निघालं. पुढच्या भेटीत मी म्हटलं, "मग तुम्ही साडेनऊ का म्हणालात?"

"नवीन आली होतीस. म्हटलं, जरा बरं वाटू दे."

डॉ. मंगल ढवळे, मुक्काम मूळचा सेलू, जिल्हा परभणी. एमबीबीएस. गोदाकाठच्या एका आरोग्य केंद्रात दोन वर्षं बॉन्डची नोकरी, मग लग्न, मग दोहा. नवरा दिलीपराव मेसईदच्या पोलाद कारखान्यात. कंपनीची बस पकडायला पहाटे निघतात आणि परत येतात तेव्हा बोलायचं त्राण उरलेलं नसतं. एक मुलगी, ईशा, वय बारा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. इथली प्रॅक्टिस करायची परवानगी मंगलताईंकडे नव्हती, त्यामुळे त्या एका खाजगी दवाखान्यात फायली लावायचं काम करायच्या. औषधाचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. "लायसन नाही माझ्याकडं," त्या म्हणायच्या. "मी फक्त घाबरवते."

घाबरवण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खालच्या बकाल्यात, म्हणजे आमच्या किराणा दुकानात, गल्ल्यावर बसणाऱ्या मलबारी मामांना त्यांनी महिनाभर छळलं. "पाणी किती पितो तू? बाथरूमला कितीदा जातो? शुगर चेक कर." मामा शेवटी त्या दिसल्या की पाण्याची बाटली काउंटरखाली लपवायला लागले. एक दिवस शुगर तपासून आले आणि तेव्हापासून मंगलताईंना कोथिंबीर फुकट मिळते. त्यांना त्याचाही राग. "माझी फी कोथिंबीर आहे का?" म्हणून त्या कोथिंबीर घेऊन येतात.

बोलणं सगळं मराठवाड्याचं, आणि प्रत्येक ठाम विधानाच्या शेवटी "लिहून घे." समोर जणू नर्स केसपेपर घेऊन उभी आहे. "ही लिफ्ट मार्चच्या आत बंद पडती, लिहून घे." लिफ्ट फेब्रुवारीत बंद पडली.

तर या बाईंना रेसिडेन्सी करायची होती. रेसिडेन्सी म्हणजे एमबीबीएसनंतर हॉस्पिटलात राबत राबत विशेषज्ञ व्हायचं ते प्रशिक्षण. त्यांना फॅमिली मेडिसिन हवं होतं. तीनदा अर्ज करून झाला होता. इथली परीक्षा त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या होत्या, पण त्या गुणांची मुदत यंदा संपणार होती. चौथा अर्ज हा शेवटचा.

आणि माझं काम काय, तर एका कंपनीत नोकरभरती. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून लोकांना गोड शब्दांत नाकारणं. नवरा पुण्यात, मी इथे दोन वर्षांच्या करारावर एकटी. हे कळल्यावर एका संध्याकाळी मंगलताई माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"तू माणसं ऑनलाइन नापास करतीस म्हणं?"

"पासही करते," मी म्हटलं.

"मग मला शिकव. रोज पाच वाजता."

मागच्या वर्षी काय झालं ते त्यांनी आत येऊन बसल्यावर सांगितलं. पहिली फेरी होती रेकॉर्ड केलेल्या मुलाखतीची. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचाराला तीस सेकंद, उत्तराला दोन मिनिटं. समोर माणूस नाही, फक्त आपलाच चेहरा. मंगलताई पाचही प्रश्नांना दोन-दोन मिनिटं तोंड मिटून बसून राहिल्या होत्या.

"का?"

"समोर कुणी नसताना मी बोलत नसते. वेड लागल्याचं पहिलं लक्षण आहे ते."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी उठून पडदा बाजूला केला आणि बोट दाखवलं. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून, जिथं त्यांना रेसिडेन्सी हवी होती त्या हॉस्पिटलचा कोपरा दिसत होता.

"चालत बारा मिनिटं. मी मेल पाठवला, मी शेजारीच राहते, सांगाल तेव्हा येते. उत्तर काय, तर कृपया लिंक वापरा. आता मला सांग, जिथं माणूस हात लावून तपासायचा, तिथं डॉक्टर मात्र न बघता घ्यायचा?"

मी नोकरभरतीतली बाई. या प्रश्नाचं छापील उत्तर माझ्याकडे होतं: सगळ्यांना सारखी संधी, देशोदेशींच्या उमेदवारांचा प्रवास वाचतो, वगैरे. मी ते दिलं.

"म्हणजे कैरोतल्याचा प्रवास वाचावा म्हणून मी बारा मिनिटं चालायचं नाही," मंगलताई म्हणाल्या. "बरं. चल, विचार प्रश्न."

मी विचारलं, "तुमचे दोष कोणते? युवर वीकनेस?"

"विकनेस पेशंटला असतो. मला नाही."

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"ओपीडीत. आणि कुठं बघणार?"

"तुमच्या करिअरमध्ये बारा वर्षांची गॅप आहे, तिच्याबद्दल—"

"गॅप दातात असते," त्या म्हणाल्या. "लिहून घे."

असं आमचं शिक्षण सुरू झालं. मी शिकवायची, त्या नाकारायच्या. मी म्हटलं, मागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावता येतं. त्या म्हणाल्या, "माझ्या मागं माझी भिंत आहे. तिला काय झालं?" भिंतीला पोपडे आले होते, ते झालं होतं. मी म्हटलं, कानात इअरफोन घाला, आवाज स्वच्छ येतो. "कानात बोंडं घालून मी कुणाशी बोलत नाही." मी माझा ब्लेझर आणून दिला. तो त्यांनी घातला, आरशात पाहिलं आणि काढून ठेवला. "विमा विकायला निघाल्यासारखी दिसायले." त्या साडीच नेसणार होत्या, कोपरापर्यंत बाही असलेल्या ब्लाउजवर, आणि तीही पूर्ण. मी सांगितलं की लोक वर कोट आणि खाली पायजमा घालून बसतात, कॅमेऱ्यात काही कळत नाही.

"कॅमेऱ्याला कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण मला कळतं की."

ईशा सोफ्यावरून ओरडायची, "मम्मा, प्लीज, डोन्ट से दॅट इन द रिअल वन!"

खरी लढाई झाली ती बायोडेटावरून. मी तो नीट करून दिला. अनुभवाच्या रकान्यात आरोग्य केंद्राची दोन वर्षं आणि फायलींच्या नोकरीची दोन वर्षं. त्यांनी मधे एक ओळ घातली: "एक रुग्ण. सहा वर्षं. दिवसपाळी व रात्रपाळी."

हा रुग्ण म्हणजे त्यांच्या सासूबाई, ज्यांना त्या आत्या म्हणत. दिलीपरावांनी आईला दोह्याला आणलं तेव्हा कंपवाताची सुरुवात होती. पुढची सहा वर्षं त्यांना उठवणं, भरवणं, अंघोळ घालणं, औषधांच्या वेळा सांभाळणं सगळं मंगलताईंनी केलं. आत्या जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी ती ओळ खोडली. "हा अनुभव धरत नाहीत, मंगलताई. हे घरचं झालं."

दुसऱ्या दिवशी ओळ परत. मी परत खोडली. तिसऱ्या दिवशी ओळ होती आणि ठळक केलेली होती.

"अहो, हसतील लोक!"

"हसू दे. मी ते केलेलं आहे. केलेलं लिहायचं नाही आणि न केलेलं लिहायचं, असा बायोडेटा मला नाही जमायचा. तुझ्याकडं येतात ना, 'उत्तम नेतृत्वगुण' लिहिणारे? किती जण खरे असतात?"

मी ती ओळ राहू दिली, कारण माझ्या स्वतःच्या बायोडेटात उत्तम नेतृत्वगुण होते.

रेकॉर्डिंगच्या फेरीची मला धास्ती होती. खोलीत दुसरं माणूस नको असा नियम होता. मी सुचवलं, लॅपटॉपमागे गुपचूप बसते, कुणाला दिसणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लाच देऊ केली होती. मग फेरीच्या आदल्या दिवशी त्याच म्हणाल्या, "मी विचार केला. समोर कुणी नाही, पण नंतर कुणीतरी बघणार ना? मग ते पत्र झालं. पत्र मला लिहिता येतं."

आणि त्यांनी कॅमेऱ्याला पत्र लिहिलं. ईशाने दाराला कान लावून ऐकलं आणि मला शब्दन् शब्द सांगितला. पहिलंच वाक्य असं: "नमस्कार. तुम्ही कोण ते मला सांगितलेलं नाही. तुम्ही असे पुष्कळ चेहरे बघून थकला असाल, तेव्हा आधी पाणी पिऊन घ्या, मी थांबते." आणि दोन मिनिटांतले पाच सेकंद त्या खरोखर थांबल्या.

"शी इज सो डन," ईशा म्हणाली. मलाही वाटलं, संपलं सगळं.

पण निवड झाली. दहा दिवसांनी मेल आला: दुसरी फेरी, तीन डॉक्टरांचं मंडळ, समोरासमोर. म्हणजे स्क्रीनवर समोरासमोर.

त्या दुपारी मी ऑफिसातून अर्धी रजा काढली. मंगलताई आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर, मी आणि ईशा दिवाणखान्यात जमिनीवर, त्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून. इअरफोन नसल्यामुळे पलीकडचे आवाजही आम्हाला स्पष्ट येत होते. मंगलताईंचं इंग्रजी स्वच्छ आहे, फक्त चाल परभणीची. जे बोलणं झालं ते मी मराठीत सांगते.

नमस्कार-चमत्कार झाले. अध्यक्ष वयस्कर, आवाज मऊ, बोलण्यावरून अरब. एक बाई डॉक्टर. तिसरे कुणी बोलले की आवाज यायचा, पण—

"तिसऱ्या डॉक्टरांचा कॅमेरा बंद आहे," मंगलताई म्हणाल्या. "मी दिसतेय. तुम्हीही दिसलात तर बरं होईल."

ईशाने माझा दंड इतका आवळला की वळ उठला. मग तिसरा आवाज, बराच घोगरा: "माफ करा. मला सर्दी झालीय, अवतार ठीक नाही."

"मग तुम्ही घरी आराम करायला हवा."

"मी घरीच आहे, डॉक्टर."

कुणीतरी हसलं. बहुतेक बाई डॉक्टर. कॅमेरा सुरू झाला असावा, कारण मंगलताईंनी अरबीत आभार मानले, "शुक्रन," आणि लगेच, "सायनस. दोन्ही बाजू."

मी डोळे मिटून घेतले.

पुढची पंधरा मिनिटं मात्र सरळ गेली. वैद्यकीय प्रश्न आले. ताप आणि पुरळ असलेलं मूल, छातीत दुखणारा टॅक्सीवाला, रडणं न थांबणारी बाळंतीण. मंगलताईंचा आवाज बदलला. "लिहून घे" नाही, काही नाही. एकेक पायरी शांतपणे सांगत होत्या, आणि न येणाऱ्या एका प्रश्नाला "मला माहीत नाही, मी वरिष्ठांना विचारीन" एवढंच म्हणाल्या.

मग अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर ढवळे, तुमच्या कामात मोठा खंड आहे. बारा वर्षांची गॅप."

मला माहीत होतं आता काय येणार. दात.

पण त्याच क्षणी कोपऱ्यावरच्या मशिदीत असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान सुरू झाली. मंगलताई थांबल्या. अजान चालू असताना त्या बोलत नाहीत, इथे आल्यापासूनची त्यांची सवय. आणि गंमत अशी, की तीच अजान लॅपटॉपमधूनही येत होती, अर्धा क्षण मागून, अजान देणाऱ्या त्याच मुअज्जिनच्या आवाजात. दोन्हीकडे सगळे गप्प. संपल्यावर अध्यक्षांनी नवलाने विचारलं, "तुम्ही आहात कुठे?"

"तुमच्या खिडकीबाहेर," मंगलताई म्हणाल्या. "दोन करड्या इमारतींच्या मागे. मी येते म्हणून कळवलं होतं, मला लिंक दिली."

यावेळी तिघंही हसले. मंगलताई हसल्या नाहीत.

"गॅप म्हणालात," त्या पुढे बोलल्या. "बारा वर्षं मी झोपले नव्हते. मूल वाढवलं. पुस्तकं वाचली. परीक्षा दिली. फायली लावल्या, आणि लावता लावता वाचल्याही. आणि सहा वर्षं एक पेशंट सांभाळला. ते बायोडेटात आहे."

"हो, मी ती ओळ पाहिली," बाई डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा जवळ आला. "एका पेशंटकडून काय शिकलात?"

"पेशंट गोळी घेतली म्हणाला की उशी तपासावी," मंगलताई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंच्या उशीच्या अभ्र्यात मला एकदा एकोणीस गोळ्या मिळाल्या. मी चिडले. मग विचारलं, का घेत नाही? तर म्हणाल्या, गोळी घेतली की हात थांबतात, पण मळमळतं, आणि मला भाकरीची चव लागत नाही. हे आधी मी विचारलंच नव्हतं. मी फक्त थरथर मोजत होते. नंतर आम्ही त्यांच्या डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ बदलून घेतली. त्या जेवायला लागल्या."

"शेवटच्या वर्षी त्या मला ओळखत नव्हत्या," मंगलताई म्हणाल्या. "मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या. आमच्या घरात मला डॉक्टर म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं. तुम्हाला ही गॅप वाटत असेल तर तसं लिहा. मी लिहिणार नाही."

ईशा माझ्याकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, आणि चक्क मराठीत, "आजी तिला डॉक्टर म्हणायची?"

मी म्हटलं, "तुला माहीत नव्हतं?"

तिने मान हलवली.

निकाल महिन्याने आला. राखीव यादी, क्रमांक एक. दिलीपराव पेढे आणायला निघाले तर मंगलताईंनी त्यांना दारातून परत बोलावलं. "राखीव? मी काय स्टेपनी आहे का? पंक्चर झालं की लावायची?" त्या दिवशी त्यांनी इमारतीत कुणाचंच निदान केलं नाही, त्यावरून आम्हाला काय ते कळलं. पण दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्या माझ्या दारात होत्या.

"आता कसली प्रॅक्टिस?" मी विचारलं. "मुदत तर संपली."

"परीक्षा परत देते. मुदत त्यांची संपली, माझी नाही. विचार प्रश्न."

आम्ही अजून तीन आठवडे बसलो. दोष कोणते, बळं कोणती, पाच वर्षांनी कुठे. मग एका सकाळी त्या फायली लावत असताना हॉस्पिटलमधून फोन आला. मुख्य यादीतला एक उमेदवार दुसऱ्या देशात गेला होता. पंक्चर झालं होतं. त्यांनी येणार का असं विचारलं. मंगलताईंनी म्हणे आधी विचारलं, "चालत येऊ की लिंक पाठवताय?"

रुजू व्हायच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, त्यांचा मला फोन. "खाली ये." एवढंच. आवाज नेहमीचा नव्हता. मी एक मजला जिन्यानेच उतरले.

दिलीपराव आणि ईशा त्यांच्यासाठी बूट आणायला गेले होते. मंगलताई घरात एकट्या होत्या, नवा पांढरा कोट घालून. घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. एकेरी पलंग, त्यावर धुतलेली चादर.

"झोप," त्या म्हणाल्या.

"मला काय झालंय?"

"तुला काही नाही झालं." त्या खिडकीकडे बघत होत्या. "अनोळखी माणसाला हात लावून बारा वर्षं झाली, अनघा. आत्याचं अंग मला पाठ होतं, ते धरू नको. पुस्तकातलं सगळं डोक्यात आहे. पण हाताला आठवतंय का नाही, मला माहीत नाही. तीन रात्री मी झोपले नाही. ह्यांना नाही सांगितलं. ईशाला तर नाहीच. ती आता शाळेत सगळ्यांना सांगायली, माय मॉम इज अ डॉक्टर." "रविवारी पहिल्याच पेशंटला कळलं तर?"

एवढ्या महिन्यांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. मी म्हटलं, "पण मी अनोळखी कुठेय?"

"मग हो की. थोडा वेळ हो."

मी पलंगावर आडवी झाले. मंगलताई खोलीबाहेर गेल्या. न्हाणीघरात नळ सुटला, बराच वेळ पाणी वाहिल्याचा आवाज आला. मग दारावर टकटक झाली. मी "या" म्हटलं.

"नमस्कार. मी डॉक्टर मंगल ढवळे," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव काय?"

मी माझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट, वडिलांच्या नावासकट. त्या मान डोलवत ऐकत राहिल्या, जणू पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून त्यांनी गरम केले.

"हात गार लागला तर सांगा."

गार नव्हता. पोटावर ठेवलेली बोटं मात्र थरथरत होती. त्यांनी ती उचलली, डोळे मिटले, परत ठेवली. उजवीकडे, बरगडीखाली. थांबल्या. थोडं खाली. परत थांबल्या. मी छताकडे बघत होते. आता बोटं दाबत होती, शोधत होती. थरथर कधी गेली ते मला कळलं नाही.

"मोठा श्वास घ्या," त्या म्हणाल्या. "अजून मोठा. हां. आता सोडा."

मी सोडला. आणि त्यांनीही.